स्ट्रेचर उभं असेपर्यंत

मेलेल्या माणसाला मनगट धरून कधी ओढू नये. दोन दिवस उन्हात पडलेला असेल, तर मनगट हातात येतं आणि माणूस तिथंच राहतो. काखेत हात घालायचे, त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवायचं आणि मागं मागं चालायचं. मामा नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हे शिकवायचा आणि नवी पोरं त्याच दिवशी ओकायची. ओकून झाल्यावर तो त्यांना पाणी द्यायचा नि म्हणायचा, "झालं? चल, आता त्याचे पाय धर."

हा मामा म्हणजे सरहद्दीवरच्या ठाण्यातला स्ट्रेचरवाला हवालदार. बावीस वर्षं नोकरी, मणके झिजलेले, गुडघे कुरकुरणारे. त्याला अख्खी पलटण मामा म्हणायची, त्याला कारण त्याचा सख्खा भाचा. पोरगा मशीनगनवर होता, चोवीस वर्षांचा, तोंडाचा फाटका. बदली होऊन आला त्या दिवशी त्यानं शंभर माणसांच्या देखत "ए मामा!" म्हणून आरोळी ठोकली, आणि तेव्हापासून हवालदाराचं खरं नाव हजेरीच्या वहीत काय ते उरलं. कॅप्टनसुद्धा मामाच म्हणायचा. चिडून उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर मामाला ते आवडायचंही.

भाचा आला त्याच रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला होता. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तू तिथं आहेस म्हणून मी गप्प बसलेय. मला तो परत पाहिजे. कसाही." मामा म्हणाला, "आणतो." कसाही या शब्दाचा अर्थ दोघांनाही कळत होता.

आता ठाणं कसं होतं ते सांगायला हवं. इकडे आपली भिंत, तिकडे त्यांची भिंत, मध्ये कोरडं नदीपात्र, तीनशे पावलांचं. पात्राच्या मधोमध जुन्या वीटभट्टीचं अर्धं पडलेलं धुराडं. त्या धुराड्यासाठी दोन्ही देशांनी आजवर किती माणसं मारली ते विचारू नका. त्या विटांचं कुणाला घरसुद्धा बांधायचं नव्हतं.

पण त्या पात्रात एक रिवाज होता. चकमक थांबली की कुणीतरी एक स्ट्रेचर भिंतीवर उभं करायचं. पलीकडून त्यांचंही स्ट्रेचर उभं राहिलं की दोन्हीकडून तीन-तीन माणसं उतरायची, बिनहत्यारी, शर्ट काढून. जखमी असो, मेलेला असो, आपल्या बाजूला पडलेला त्यांचा माणूस धुराड्यापाशी नेऊन ठेवायचा आणि आपला उचलून आणायचा. खिसे तपासायचे नाहीत. तोंड झाकायचं. स्ट्रेचरं उभी आहेत तोवर गोळी नाही, म्हणजे नाही. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. मामा आला तेव्हा ते होतंच.

पलीकडच्या तिघांचा म्होरक्या लंगडा होता. डावा पाय ओढत यायचा, तरी पुढं तोच असायचा. मामा नि तो सहा वर्षांत इतक्या वेळा धुराड्यापाशी भेटले, पण शब्द झाले असतील आठ-दहा. "हा तुमचा." "जिवंत आहे, सांभाळून." "बस, एवढेच." एकदा लंगड्यानं मामाला काडेपेटी मागितली होती. मामानं दिली, आणि पुढच्या वेळी ती अर्धी भरलेली परत आली.

तर अशा या ठाण्यावर एके दिवशी जीपमधून एक बाई उतरली. परराष्ट्र खात्यातली कायद्याची अधिकारी. चष्मा, जाडजूड फाईल आणि पायात शहरी चपला. पोरांनी लगेच तिचं वकीलबाई करून टाकलं. भिंतीच्या आडोशाला खोक्यावर बसून तिनं मामाला चहा प्यायला लावला आणि काम सांगितलं.

"सगळे देश मिळून एक कायदा लिहितायत, मामा. लढाईत पडलेल्या माणसांचं काय करायचं, त्याचा. मसुदा समितीनं प्रत्येक देशाला विचारलंय, तुमच्याकडे काय रिवाज आहे तो पुराव्यासकट कळवा. आपला देश चाळीस वर्षं त्या बैठकांना जातोय. चाळीस वर्षांत आपण काय दिलं, माहितेय? अकरा वेळा लिहून दिलं की आम्हाला काही म्हणायचं नाही, आणि एकदा तक्रार केली, की खुर्च्या कमी पडल्या."

मामा हसला. बाई हसली नाही. तिला खरोखरच लाज वाटत होती. या एका कलमासाठी ती गेली दोन वर्षं साहेबांच्या मागे लागली होती.

"आता सांगा, तुम्ही हे का करता?"

"वास येतो म्हणून."

बाईची पेन्सिल थांबली. "तसं नको. म्हणजे, वास येतो म्हणून केलं तर ती सोय झाली. सोयीचा कायदा होत नाही. करणं भागच आहे, आपल्यावर बंधन आहे, असं वाटून करत असाल, तरच तो रिवाज कायद्यात धरतात."

"मग वास येतो हे खोडा."

"खोडून कसं चालेल? खरं काय ते सांगा ना."

मामानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चार वर्षांपूर्वी माझा जोडीदार गेला. त्यांच्या तोफगोळ्यानं. पोटापासून खाली काही राहिलं नव्हतं. मी त्याला पत्र्याच्या टबात भरला. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर उभं राहिलं तेव्हा मी कमरेला हातबॉम्ब बांधून उतरलो, वर टॉवेल गुंडाळला. डोक्यात सैतान होता. धुराड्यापाशी पोचलो. लंगडा आला. त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि वाकला, त्याचा माणूस उचलायला."

"मग?"

"मग काय? पाठ केली त्यानं माझ्याकडे. टाकता येतो का?"

बाई लिहीत राहिली. लिहून झाल्यावर तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "हेच. मला हेच पाहिजे होतं."

सहीच्या वेळी मात्र मामा अडला. कागदावर ठाण्याची जागा होती, तारखा होत्या, स्ट्रेचरची खूण होती, किती माणसं उतरतात तेही होतं. कॅप्टन म्हणाला, "बाई, हे मोघम ठेवा. आम्ही शत्रूशी सलगी करतो असं वर कुणी म्हटलं, की आमच्या गळ्याशी येईल." बाई म्हणाली, मोघम लिहिलं तर समितीत कुणी काडीचाही विश्वास ठेवत नाही, आमच्याकडे म्हणे असं असं करतात, असं शंभर देश सांगतात, जागा, दिवस, खूण दिली तरच पुरावा. कॅप्टननं खांदे उडवले. त्याची बदली झालेलीच होती.

"हा कायदा झाला," मामानं विचारलं, "तर कुणाला मोडता येणार नाही?"

"मोडतील. पण मोडला असं म्हणता येईल. आज तेवढंही म्हणता येत नाही."

मामाला बहिणीचा फोन आठवला. उद्या आपण स्वतःच पडलो, तर पोराला कोण आणणार? कुठल्या शब्दावर? त्यानं सही केली. भाचा मागं उभा राहून बघत होता. "आता मामा सगळ्या जगाचा मामा होणार रे," तो ओरडला आणि सगळं ठाणं खो खो हसलं. मामानं त्याला दिसेल ते फेकून मारलं.

चार महिन्यांनी मसुदा समितीचं पुस्तक छापून आलं. प्रत्येक देशाचं म्हणणं त्यात ओळीनं होतं, आणि आपल्या देशाच्या नावाखाली पहिल्यांदाच दोन पानं भरलेली होती. बाईनं एक प्रत मामाला पाठवली, सोबत चिठ्ठी: "कलम नऊ तुमचं आहे. मतदान पावसाळ्याआधी." मामानं ते पान घडी घालून पाकिटात ठेवलं. वास येतो हे कुठंच नव्हतं, त्याचं त्याला बरं वाटलं.

दुसरी प्रत नव्या मेजरच्या टेबलावर आली. मेजर नुकताच रुजू झाला होता. गोरटेला, स्वच्छ नखांचा, हळू बोलणारा. त्यानं मामाला बोलावून बसायला खुर्ची दिली.

"हवालदार, तुम्ही तर प्रसिद्ध माणूस. वाचलं मी. धुराड्यापर्यंत यायला त्यांना किती वेळ लागतो?"

"चार-पाच मिनिटं, साहेब. तो लंगडा आहे ना."

"आणि पुढं कोण असतो? तोच?"

"नेहमी तोच."

"वा," मेजर म्हणाला. मामाला वाटलं, साहेबाला कौतुक आहे. बाहेर येऊन त्यानं भाच्याला सांगितलंसुद्धा, माणूस चांगला दिसतो.

महिनाभरानं मेजरनं धुराडं घ्यायचा हुकूम सोडला. दिवसाढवळ्या, चाळीस माणसं. का, ते त्यालाच ठाऊक. भाचा मशीनगन सोडून रायफल घेऊन गेला, कारण माणसं कमी पडत होती. धुराडं मिळालं, वीस मिनिटांनी गेलं. अकराजण परत आले नाहीत. एकाचा जबडा भिंतीच्या अलीकडे येऊन पडला होता, दातांसकट, आणि तो कुणाचा ते ओळखायला मामाला जेवणाच्या रांगेतली तोंडं आठवावी लागली. भाच्याचा नव्हता.

भाचा धुराड्याच्या पलीकडे पडला होता. मांडी फुटलेली, पण जिवंत. दुर्बिणीतून हात हलताना दिसत होता.

मामानं स्ट्रेचर उभं केलं. ते दोनदा पडलं. तिसऱ्यांदा उभं राहिलं. पलीकडच्या भिंतीवर लगेच त्यांचं उभं राहिलं. जणू ते वाटच बघत होते. मामा आणि त्याचे दोघं शर्ट काढून उतरले. पलीकडून लंगडा उतरला, त्याचे दोघं उतरले, आणि ते थेट भाच्याकडे गेले. लंगड्यानं स्वतःचा पट्टा काढून पोराच्या मांडीला आवळला. मग तिघांनी त्याला उचललं आणि धुराड्याकडे चालू लागले. मामाला त्यांची तोंडं दिसत होती. पोरगं ओठ चावत होतं. धुराडं साठ पावलांवर राहिलं होतं.

मागून मशीनगन सुरू झाली.

ती आपल्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यातली होती, भाच्याचीच. गनवरच्या माणसानं हात काढून घेतले, तेव्हा मेजरनं त्याला लाथेनं बाजूला केलं आणि स्वतः बसला, हे मामाला नंतर कळलं. तेव्हा त्याला एवढंच दिसलं, की लंगड्याची छाती फुटली आणि तो गुडघ्यावर बसला, आणि बसतानाही त्यानं पोराचे खांदे सोडले नाहीत. दुसऱ्याचं कपाळ गेलं. तिसरा पळायला वळला आणि तिथंच आडवा झाला. चौघंही एकमेकांवर पडले. मामा हात वर करून किंचाळत होता, "थांबवा! अरे स्ट्रेचर उभं आहे! स्ट्रेचर उभं आहे!" मग पलीकडूनही सुरू झालं, आणि ते का सुरू होऊ नये? मामाच्या दोघांपैकी एक गळ्यात गोळी लागून त्याच्या पायाशी कोसळला. दुसऱ्यानं मामाला ओढत मागं आणला.

भाचा मेला नव्हता. त्यालाही लागलं होतं, पोटात, आपल्याच गनचं. दुपारभर त्याची हाक ऐकू येत होती. "मामा. ए मामा." सगळी पलटण ज्या नावानं हाक मारायची, तेच नाव. सगळी पलटण कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून बसली होती. मामा दोनदा भिंतीवर चढला, दोनदा चौघांनी धरून खाली पाडला. चार वाजता हाक थांबली. मामानं स्वतःच्या हाताला इतका चावा घेतला की मांस निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा स्ट्रेचर उभं केलं. पलीकडच्या गोळ्यांनी स्ट्रेचरची चाळण झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी वकीलबाई आली. या वेळी पायात बूट होते. ती भिंतीच्या भगदाडातून बराच वेळ बाहेर बघत राहिली. वारा पात्राकडून येत होता. मग ती मामाजवळ येऊन जमिनीवरच बसली.

"एक कागद आहे," ती म्हणाली. "मी आणायचा नाही म्हणत होते. पण मी आणला नसता तर दुसऱ्या कुणी आणला असता, आणि त्यानं तुम्हाला सगळं सांगितलं नसतं."

"सांगा."

"यात लिहिलंय की आधी त्यांनी गोळी चालवली. तुम्ही प्रत्यक्षदर्शी म्हणून सही करायची. दहा दिवसांनी कलम नऊ मतदानाला येतंय. पुराव्यात पहिलं उदाहरण आपलं. आपणच रिवाज मोडला असं झालं, तर आपलं शिष्टमंडळ तोंडघशी पडेल आणि कलमही पडेल. त्यांनी मोडला असं झालं तर आपले साहेब भाषण करतील, की बघा, म्हणूनच कायदा पाहिजे. कलम पास होईल. बहुतेक होईलच." तिनं कागद मामापुढं धरला. "आणि तुम्ही सही केलीत, तर तटस्थ देशाच्या कचेरीमार्फत तुमच्या भाच्याचं प्रेत आठवड्याभरात आणून देतील. लेखी हमी आहे. ती खरी आहे, मी बघितलीय."

मामाच्या डोळ्यांपुढं बहीण होती. दारात उभी.

"तुम्ही काय म्हणता?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाली. "कलम पास झालं तर कुठं कुठं माणसं वाचतील. मी दोन वर्षं त्यासाठी काढलीत. मला खरंच माहीत नाही, मामा."

मामानं कागद घेतला, वाचला. त्यात लंगड्याचा उल्लेख होता. 'शत्रूच्या पथकाच्या म्होरक्याने अचानक हल्ला केला.' मामानं ती ओळ दोनदा वाचली. मग तो अशा आवाजात बोलला की आजूबाजूची पोरं उठून बसली.

"पोराच्या मांडीला स्वतःचा पट्टा बांधला त्यानं. त्याच्यावर खुनाचा आळ घेऊ? हे माझ्या हातानं करू? बाई, पहिली सही मी केली, म्हणून ते तिथं पडलेत. मीच सांगितलं ना, किती मिनिटं लागतात, पुढं कोण असतो? मी! माझा मामा केला त्या मेजरनं, आणि मी खुर्चीत बसून हसत होतो!"

त्यानं कागद तिच्या मांडीवर ठेवला, शर्ट काढला आणि बूटही काढले. बाईनं दंड धरला, त्यानं सोडवून घेतला.

"तुम्ही भिंतीवर उभ्या राहा," तो म्हणाला. "सगळ्यांना दिसाल अशा. सरकारी माणसासमोर साहेब माझ्या पाठीत गोळी घालणार नाही. आणि लिहायचं असेल तर जे दिसेल ते लिहा."

भर दुपारी मामा पात्रात उतरला. हात पसरलेले, छाती उघडी. मागं मेजर ओरडत होता, कोर्टमार्शल, शत्रूला सामील, काय काय. बाई भिंतीवर चढून उभी राहिली. ती उतरली नाही.

पलीकडून पहिली गोळी पायाजवळची धूळ उडवून गेली. दुसरीनं कानाची पाळी नेली. तिसरी दंडाच्या मांसातून आरपार झाली. मामा चालत राहिला, कारण थांबलो तर पाय पुन्हा उचलणार नाहीत हे त्याला माहीत होतं. चौघं तसेच होते, एकमेकांवर. फुगलेले, काळे पडलेले, माश्यांचा थर. भाच्याचं तोंड वर होतं. मामानं ते बघितलं. पण तो तिथं थांबला नाही. त्यानं भाच्याला हळूच बाजूला सारलं आणि लंगड्याच्या काखेत हात घातले.

गोळ्या थांबल्या.

नव्वद पावलं मागं मागं चालत तो त्यांच्या भिंतीपाशी पोचला. वरून चार हातांनी प्रेत आत घेतलं आणि दुसऱ्या चार हातांनी मामाला. मग त्यांनी त्याला मारलं. बंदुकीच्या दस्त्यानं दात पाडले. एकानं त्याचा उजवा हात विटेवर ठेवून बोटं ठेचली, एक, दोन, तीन. एकानं नळी तोंडात घातली आणि रडत रडत शिव्या देत राहिला. शेवटी एक म्हातारा शिपाई पुढं आला, त्यानं नळी बाजूला केली आणि विचारलं, "दोघं राहिलेत. आणतोस?"

मामानं मान हलवली. डाव्या हातानं त्यानं दुसऱ्याला आणला. त्यांनी पुन्हा मारलं, पण कमी. तिसऱ्याला आणला तेव्हा कुणी हात लावला नाही. कुणी पाणीही दिलं नाही.

मग तो भाच्याकडे गेला. एका हातानं काखेतून उचलता येईना. त्यानं पोराच्या मांडीवरचा पट्टा सोडला, छातीभोवती बांधला, टोक दातांत धरलं, जे काही दात उरले होते त्यात, आणि ओढला. तोंडातलं रक्त पोराच्या केसांवर ठिबकत होतं. अर्ध्या वाटेत आपल्या भिंतीवरून दोघं त्याच्या मदतीला उतरले, मग आणखी चौघं आपले बाकीचे उचलायला, सगळे शर्ट काढून. मेजर ओरडत राहिला आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मामाला संध्याकाळी बेड्या पडल्या. शत्रूच्या हद्दीत गेला, हा आरोप. वकीलबाईनं भिंतीवरून बघितलेलं सगळं लिहिलं, आधीचंही लिहिलं, आणि साहेबांना न विचारता आपल्या सहीनं समितीला पाठवलं. तिला शिष्टमंडळातून काढलं. आपल्या देशानं आपली दोन पानं मागं घेतली. कलम नऊवर मतदान झालंच नाही, पुढच्या अधिवेशनात बघू असं ठरलं. पुढचं अधिवेशन दोन वर्षांनी आहे.

मुलाची माती झाल्यावर बहीण मामाला भेटायला छावणीच्या कोठडीत आली. पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं. ती बसली नाही.

"त्या लंगड्याला आधी उचललंस म्हणे," ती म्हणाली. "एकाला नाही, तिघांना. माझं पोर उन्हात ठेवून. मधे तुला मारलं असतं तर?"

"तर राहिला असता."

"आणि मला काय म्हणाला होतास?"

मामानं ठेचलेला हात मांडीवर ठेवला. पुढचे दात नसल्यानं शब्द नीट येत नव्हते. "आपला पोरगा हुकमावर गेला होता गं. ते तिघं माझ्या शब्दावर आले होते. सही माझी होती. तू म्हणशील की तुझ्यामुळं माझा गेला, तर हो. माझ्यामुळंच गेला."

तिनं त्याला मारलं. तोंडावर, फुटलेल्या कानावर, दोन्ही हातांनी, दम लागेपर्यंत. पहारेकरी उठला आणि पुन्हा बसला. मामानं हात वर केला नाही. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि इतके दिवस जे रडली नव्हती ते सगळं रडली. खूप वेळानं तिनं पदरानं त्याच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं.

"त्या लंगड्याला घरी कोण होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मामा म्हणाला. "सहा वर्षांत कधी विचारलं नाही."